चार मुसळं आणि एक फ्रेंच गाणं

मला अमेरिकेला पाठवलं ते फिरायला नाही, निकाल द्यायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे धबधबा का बघितला नाही, असं कुणी विचारणार नाही.

माझा मुलगा सुनील सांगलीत मिरची-मसाल्याची गिरणी चालवतो. त्याची मुलगी स्नेहल इथं इंजिनियर झाली आणि पुढं शिकायला मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावी गेली. आवाजाच्या यंत्रांचं काहीतरी शिकत होती. दोन वर्षं झाल्यावर एक दिवस फोनवर म्हणाली, आता मला पाचशे वर्षांपूर्वीचं गाणं शिकायचंय, फ्रान्समधलं, अजून दोन वर्षं लागतील. सुनीलनं फोन माझ्या हातात दिला आणि गिरणीत जाऊन पट्टा तपासत बसला. तो चिडला की पट्टा तपासतो.

शेवटी बापलेकीत ठरलं ते असं. मार्चमध्ये स्नेहलची परीक्षा होती. तिनं आणि आणखी तिघांनी मिळून एक जुनं गाणं लोकांपुढं आणि तीन मास्तरांपुढं म्हणायचं. गाणं शेवटाला गेलं तर तिला पुढं शिकायची जागा मिळणार. मध्येच मोडलं तर नाही, आणि मग तिनं मुकाट्यानं माझ्याबरोबर परत यायचं. सुनीलनं परतीची दोन तिकिटं काढली, माझं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीचं.

"आई, ती फोनवर सगळं छानच आहे म्हणते. तू स्वतः ऐकून ये आणि मला सांग. तू खोटं बोलत नाहीस," तो म्हणाला.

हे खरं आहे. बोललेलं खोटं लक्षात ठेवावं लागतं, आणि माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. गाण्यातलं मात्र मला काही कळत नाही. कांडप यंत्र यायच्या आधी मी वीस वर्षं लोकांची मिरची कांडली. दगडी उखळाभोवती आम्ही चौघी उभ्या असायचो, चौघींच्या हातात चार मुसळं. एवढीच माझी विद्या. सुनील म्हणाला, तेवढी पुरे.

ॲन आर्बरला पोचल्यावर

मार्चमध्ये तिथं बर्फ असतो. सिनेमात तो पांढरा दिसतो. मी बघितला तो रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेला, काळपट, फाटक्या पोत्यातून सांडलेल्या खड्याच्या मिठासारखा. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी आणि घरात वैशाखातल्या गिरणीसारखं गरम. माणसं दिवसभर कोट घालतात आणि काढतात. अर्धा दिवस त्यातच जात असावा.

स्नेहल दुसऱ्या मजल्यावर राहते, रेचल नावाच्या मुलीबरोबर. रेचल ताडासारखी उंच आहे आणि सकाळी कच्चं गाजर खाते. मी तिला आमचा कांदा-लसूण मसाला चाखायला दिला. तिनं तो पावाला मुरंब्यासारखा जाड लावला आणि खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं लाल झाली, पण घास टाकला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. ही मुलगी कामाची आहे, असं मी तेव्हाच ठरवलं.

तिथली बस म्हाताऱ्या माणसाला बघून खाली बसते. माझ्यासमोर थांबली, सुस्कारा टाकला आणि एका अंगानं खाली गेली. मला वाटलं पंक्चर झाली, म्हणून मी मागं सरकले. मी चढत नाही म्हणून बस बसलेलीच, आतली माणसंही शांत बसलेली, कुणी ओरडेना. स्नेहल म्हणाली, "आजी, तुझ्यासाठी गुडघे टेकतेय ती, चढ." आमच्याकडची बस म्हातारं माणूस बघितलं की दहा पावलं पुढं जाऊन थांबते.

उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. आणि सॉरी तर विचारूच नका. दुकानात एका बाप्याला मी पिशवीनं धक्का दिला, तर तोच मला सॉरी म्हणाला. एक बाई माझ्या वाटेत येणार होती, आली नाही, तरी सॉरी म्हणाली. आपल्याकडे माणूस एवढ्या वेळा चुकलो म्हणाला तर लोक त्याला कामावर ठेवणार नाहीत. तिथं जो म्हणत नाही त्यालाच ठेवत नसावेत.

पहिली तालीम

चौघं गाणार होते. सगळ्यांत वरचा आवाज रेचलचा, दुसरा स्नेहलचा. तिसरा डॅनियलचा. हा बारीक, दाढीवाला, स्नेहलच्याच वर्गातला, बर्फातही सायकलवरून येणारा. चौथा, सगळ्यांत खालचा आवाज एका मराठी डॉक्टरचा. आडनाव वऱ्हाडपांडे. मूळचे नागपूरचे, पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत, आता रिटायर. एवढं आडनाव तिथं कुणाला उचलत नाही, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर व्ही म्हणतात. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणत. मी म्हणू दिलं. ऑपरेशनच्या वेळी रोग्याला भूल द्यायची, हे त्यांचं काम होतं. गाण्यालाही त्यांच्याकडून मध्येच भूल पडायची, हे मला पुढं कळलं.

सोफे सरकवून चौघं उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात वेगळी वही. मी विचारलं, एकच मोठी वही का नाही? डॉक्टर म्हणाले, "ताई, त्या काळी अशीच पद्धत होती. ज्याच्या वहीत त्याचंच लिहिलेलं. दुसरा काय गाऊन राहिला ते कानानंच ऐकायचं." हातानं ताल दाखवणारा कुणी नाही. तबला नाही, पेटी नाही.

सुरू झालं. आधी डॅनियलनं एक ओळ धरली. ती संपायच्या आत रेचलनं तीच ओळ वरून सुरू केली. तिचं होतंय तोवर स्नेहल घुसली, आणि मग खालून डॉक्टर. चौघांचे शब्द तेच, पण एका वेळी कुणाचेच नाहीत. नळावर चार बायका एकाच सुनेची तक्रार सांगत असतात, तसं. मी स्वयंपाकघरात मटकी निवडत होते. दोनदा वाटलं की भांडण सोडवायला जावं.

थोडं पुढं गेल्यावर डॉक्टर एक सूर धरून उभे राहायचे आणि बाकीचे तिघं वर पळापळ करायचे. तिथं डॉक्टर घाईनं सूर सोडून पुढं निघाले. लगेच थांबले आणि म्हणाले, सॉरी. डॅनियल म्हणाला, नाही नाही, माझं चुकलं, सॉरी. रेचल म्हणाली, मी घाई केली, सॉरी. स्नेहल काही म्हणाली नाही, हनुवटी वर करून वही मिटली. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. पुन्हा सॉरी.

त्या संध्याकाळी ते गाणं एकदाही शेवटाला गेलं नाही.

मी स्नेहलला विचारलं, गाण्यात आहे तरी काय. ती म्हणाली, एक माणूस सांगतो की माझी प्रिया मला सोडून गेली, माझं सुख गेलं, आता मी कधी गाणार नाही.

"गाणार नाही हे गाऊनच सांगतो?"

"हो."

"आणि एकट्याचं दुःख ते चौघं सांगतात."

"आजी, पाचशे वर्षं टिकलंय ते."

"टिकलं असेल. तुम्हाला पाच मिनिटं टिकवता येत नाही."

माझं हे बोलणं डॉक्टरांनी हौसेनं इंग्रजीत सांगितलं. डॅनियलनं मान डोलावली आणि मला सॉरी म्हणाला.

नदीकाठी

शनिवारी स्नेहल मला नदी दाखवायला घेऊन गेली. कडेला बर्फ आणि मधून काळं पाणी वाहत होतं, आवाज न करता. झाडं नुसती काटक्या, एक पान नाही. खारी मात्र आपल्या मांजराएवढ्या, आणि माणसाला भीत नाहीत. एक खार माझ्या समोर बसून माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या. मी दिली नाही. एवढ्या लांबून आणलेली पोळी खारीला कोण घालेल?

आम्ही बाकावरचा बर्फ झाडून बसलो आणि पोळ्या खाल्ल्या. मी विचारलं, जगात एवढी गाणी असताना हेच का?

स्नेहलनं बोटं पुसली. मग म्हणाली, "यात कुणी मेन नाही, आजी. एक गाणार आणि बाकीचे साथीला, असं नाही. चौघंही सारखे. तुझी ओळ सोडून तुला चालत नाही आणि दुसऱ्याची ऐकल्याशिवायही चालत नाही. मी इतकं काही कधी ऐकलंच नव्हतं."

"मग चुकलं की बोलायचं कुणाला?"

"तोच प्रॉब्लेम आहे ना," ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा मोडत बसली. मग विचारलं, "बाबांना काय सांगशील?"

"जे होईल ते."

"जरा सांभाळून सांग ना. प्लीज."

"सांभाळून सांगायचं असतं तर त्यानं तुझ्या आत्याला पाठवलं असतं."

ती हसली, पण डोळ्यांत काळजी होती. ती मला दिसली. म्हणून मी माझं सांगणं बदलणार नव्हते, आणि हे तिलाही ठाऊक होतं. पोरीनं माझ्याकडे रदबदली केली ती एवढीच. पुन्हा विषय काढला नाही.

परत येताना इंडियन दुकानात गेलो. तिथं मिरची पाकिटात मिळते. पाकिटावर बेडगी लिहिलेलं. मी फोडून वास घेतला. बेडगी नव्हती. दुकानदार म्हणाला, आंटी, पाकीट का फोडलं? मी म्हटलं, नाव चुकीचं का लिहिलं? दोघांनीही सॉरी म्हटलं नाही. बऱ्याच दिवसांनी गावी गेल्यासारखं वाटलं.

गुरुवार: कचऱ्याचा डबा

परीक्षा रविवारी होती. गुरुवारच्या तालमीत गाणं त्याच जागी सहा वेळा मोडलं. सहाव्या वेळी रेचल रडायला लागली. डॅनियलनं तिची माफी मागितली, तिनं रडल्याबद्दल त्याची मागितली. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही बाप्पा. तुम्ही दुसरा कोणी बघा." रविवारला तीन दिवस उरलेले, दुसरा कोण कुठून आणणार? स्नेहलची हनुवटी वर गेली आणि वही मिटली. तिच्या बापाची हनुवटी अशीच वर जाते. पट्टा जरासा करकरला की पहिली गिरणी बंद, मग बाकीचं. गिऱ्हाईक ताटकळत उभं.

मी इतके दिवस ऐकत होते. गाणं कळत नव्हतं, पण मोडायचं कारण मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. आता म्हटलं, सांगून टाकू.

"तुमचं गाणं चुकल्यामुळं मोडत नाही," मी म्हणाले, "सॉरीमुळं मोडतं."

डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं. कुणाला पटलं नाही. मग मी घरातल्या काठ्या गोळा करायला सांगितल्या. दोन झाडू निघाले, एक फरशी पुसायचा दांडा आणि एक बर्फ ओढायचं फावडं. कचऱ्याचा मोठा डबा रिकामा केला, तळाशी दोन उशा घातल्या, आणि चौघांना भोवती उभं केलं. फावडं डॉक्टरांना दिलं, उलटं धरायला सांगितलं.

आमच्या कांडपाचे नियम तीनच. उखळात बघायचं, शेजारणीच्या तोंडाकडे नाही. बोलायचं नाही, घावाला फक्त हूं करायचं. आणि जिचा घाव चुकला तिनं मुसळ वर धरून एक फेरा सोडायचा, पुढच्या फेऱ्यात आपल्या जागी पडायचं. बाकीच्या तिघी थांबत नाहीत. तिची जागा रिकामी ठेवून आपापला घाव घालत राहतात. कारण तिघी थांबल्या आणि चौथीचं मुसळ वरून येत असलं, तर मिरचीऐवजी बोट कांडलं जातं. आमच्या हौसाचं नख असंच गेलं. बोलायला म्हणून थांबली होती. पुढं कांडप बंद होईपर्यंत ती कांडताना बोलली नाही, फक्त मनात शिव्या द्यायची. ते तिच्या तोंडावर दिसायचं.

सुरू केलं. पहिल्याच फेऱ्यात डॅनियलचा दांडा डॉक्टरांच्या फावड्याला लागला. डॉक्टर थांबले, म्हणाले सॉरी, आणि रेचलचा झाडू त्यांच्या बोटांवर बसला.

"बघा," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मग हळूहळू जमायला लागलं. मी पहिल्या घावाला हूं करत होते. डॉक्टर चुकले, सॉरी म्हणायला तोंड उघडलं, मी डोळे वटारले, त्यांनी फावडं वर धरून एक फेरा सोडला आणि पुढच्याला बरोबर पडले. त्यांचा चेहरा असा खुलला, जणू पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच रोगी आपोआप जागा झाला असावा.

"आता कांडता कांडता गा," मी म्हटलं.

गायला लागले. फार वाईट गायले, पण थांबले नाहीत. आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

खालच्या मजल्यावरचा माणूस होता, अंगात रात्रीचा सदरा, दुपारचे चार वाजलेले. त्याचं छत हादरत होतं. माणूस भांडायला आला होता हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण तोंडानं पहिलं वाक्य आलं ते सॉरी, त्रास देतोय. आतल्या चौघांनी एकदम सॉरी म्हटलं. तो पुन्हा म्हणाला. हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे. शेवटी त्यानं विचारलं, तुम्ही करताय काय? स्नेहल म्हणाली, फ्रेंच गाण्याची प्रॅक्टिस. त्यानं फावड्याकडे बघितलं, डब्यातल्या उशांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग विचारलं की हे किती वाजेपर्यंत चालेल. पाचपर्यंत, म्हटल्यावर मान हलवून खाली गेला. आपल्याकडे एवढ्यावर दोन बिऱ्हाडांचं जन्माचं वैर झालं असतं. तिथं वैर करायलाही माणसांना फुरसत नसते.

शुक्रवारी आणि शनिवारी काठ्यांशिवाय तालीम झाली. गाणं तीनदा शेवटाला गेलं, दोनदा मोडलं. मी मनात लिहून ठेवलं.

रविवार: चर्चमध्ये

परीक्षा चर्चमध्ये होती. तिथं आवाज घुमतो म्हणून. लाकडी बाकं, उंच छत, रंगीत काचा. शंभरेक माणसं असतील, पण बसलेली अशी की कुणी खोकतही नाही. खोकायचं असेल तर गाणं संपेपर्यंत थांबतात आणि मग सगळे मिळून खोकतात. तीन मास्तर एका बाजूला टेबल घेऊन बसले होते. त्यांतली एक पिकल्या केसांची बाई होती, पेन्सिल कानावर खोचलेली, आमच्या सुतारासारखी. खालच्या मजल्यावरचा माणूसही आलेला दिसला, तिसऱ्या रांगेत. छत कशासाठी हादरवलं ते बघायला आला असावा.

मला अगदी पुढं बसवलं होतं. आधी चार-पाच जणांनी जाड्या बासऱ्या वाजवल्या. मग आमचे चौघं आले आणि वह्या उघडून अर्धगोलात उभे राहिले. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी स्वतःलाच थोडी भूल द्यायला हवी होती.

डॅनियलनं ओळ धरली, वरून रेचल आली, मग स्नेहल, मग डॉक्टर. एवढ्या वेळा ऐकल्यानं मला आता कोण कुठं आहे ते कळत होतं. गाणं त्या जागेकडे निघालं. डॉक्टरांनी सूर धरला. वर तिघं पळायला लागले. आणि डॉक्टरांनी सूर सोडला, क्षणभर आधी.

मला दोन गोष्टी एकदम दिसल्या. स्नेहलची हनुवटी वर निघाली. आणि डॉक्टरांचे ओठ सॉरी म्हणायला उघडले.

माझ्या तोंडून हूं निघाला.

मी ठरवून केलं नाही. वीस वर्षांची सवय. आणि माझा हूं लहान नाही, तीन घरं पलीकडे ऐकू जायचा. त्या चर्चमध्ये तो छतापर्यंत जाऊन परत आला. सगळी माणसं माना उंचावून माझ्याकडे बघायला लागली. तिन्ही मास्तर बघायला लागले. न बघणारे फक्त चौघं होते. तोंडाकडे बघायचं नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं.

डॉक्टरांनी ओठ मिटले. स्नेहलची ओळ डॉक्टरांच्या सुरावर उभी राहायची होती, आणि तो सूर जागेवर नव्हता. तिचीही जागा चुकली. ती गप्प झाली. तिनं वही मिटली नाही. श्वास वर धरून उभी राहिली, जसं मुसळ धरतात तसं. रेचल आणि डॅनियल दोघंच चालत राहिले. दोघांच्या मध्ये तिची जागा रिकामी ऐकू येत होती. मला वाटलं होतं त्याहून ती खूप वेळ रिकामी राहिली.

मग ती पडली, अगदी आपल्या जागी. पाठोपाठ खालून डॉक्टर.

पुढं गाणं शेवटपर्यंत गेलं. शेवटी चौघं एकाच सुरावर येऊन थांबतात. चार मुसळं एकदम ठेवली की उखळात जो आवाज उरतो, तो तिथं उरला होता. एवढा भाग मला आवडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खोकून घेतलं.

पेन्सिलवाली मास्तरीण थेट माझ्याकडे आली. स्नेहल मधे उभी राहून सांगत होती. बाईंना विचारायचं होतं की मधला तो आवाज ठरवलेला होता का. त्या काळचे गाणारे एकमेकांच्या खांद्यावर बोटानं ताल द्यायचे असं त्यांना माहीत होतं, पण असा हुंकार त्यांनी कुठं वाचला नव्हता. ही माझ्या गावची जुनी पद्धत आहे का, कशावरून आहे, असं त्या वही काढून विचारायला लागल्या. स्नेहलनं काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, बाईंना खरं ते सांग. डॉक्टर सॉरी म्हणणार होते.

स्नेहलनं सांगितलं. बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं.

"सॉरी," डॉक्टर म्हणाले.

तासाभरानं निकाल लागला. स्नेहलला जागा मिळाली. कागदावर मास्तरांनी लिहिलं होतं की मधला एवढा भाग सुटला, तो सुटला म्हणून गुण कापले, आणि सुटल्यावर पुन्हा जिथं धरलं ते चांगलं धरलं. चुकलेलं चुकलं म्हणून लिहितात, हे मला पटलं.

सुनीलचा फोन

घरी आल्यावर मी वरणफळं केली. स्नेहल भांडी पुसत होती तेवढ्यात सुनीलचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती, मागं गिरणी सुरू झाल्याचं ऐकू येत होतं.

"झालं का गाणं?"

"झालं."

"कसं झालं?"

"मला विचारशील तर एवढं काही नाही. एक माणूस रडतो आणि चौघं सांगतात."

"नीट झालं का, ते सांग."

"नाही. मधे डॉक्टर चुकला, मग तुझी पोरगी चुकली."

माझ्या पाठीमागं ताट पुसायचा आवाज थांबला.

"मग? मोडलं?"

"नाही. तिनं एक फेरा सोडला आणि पुढच्या फेऱ्यात पडली. कुणाकडं बघितलं नाही."

सुनील उखळापाशी वाढलेला आहे. आम्ही कांडत असताना तो कडेला पोत्यावर झोपायचा, आणि घाव चुकला की जागा व्हायचा. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "हौसामावशीसारखं?"

"हौसापेक्षा बरं. हिच्या तोंडावर शिव्या नव्हत्या."

"तिचं तिकीट आता रद्द होत नाही," तो म्हणाला.

"मग राहू दे."

त्यानं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. गिरणी बंद झाल्याचं काही ऐकू आलं नाही.

स्नेहल माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकली म्हणून सांगितलंसच तू."

"चुकलीच होतीस."

"हो," ती म्हणाली. उरलेली ताटं पुसली आणि मग विचारलं की वरणफळं उरली आहेत का. उरली होती. खालच्या मजल्यावरच्या माणसालाही एक वाटी नेऊन दिली. त्यानं वाटी धुऊन परत आणली, रिकामी. तेवढी एक रीत त्यांना शिकवायची राहिली.

परत येताना

विमानतळावर रेचलनं मला गाजरं दिली, वाटेत खायला. डॅनियल सायकलवरून येऊ शकला नाही म्हणून त्यानं सॉरी कळवलं. डॉक्टरांनी फावड्याबरोबर काढलेला आमचा फोटो दिला. स्नेहलनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नीट जा, आजी. शेजारची सीट रिकामी आहे तुझी, मजा आहे." तिला तालमीला उशीर होत होता. मी म्हटलं, जा.

विमानात खरंच माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. विमान वर गेल्यावर मागच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ उठून आला. त्याला तीन माणसांत चेपून बसावं लागत होतं. त्यानं त्या खुर्चीकडे बोट दाखवून मला हिंदीत विचारलं, आंटी, इथं कुणी आहे का?

मी म्हटलं, नात आहे. येतेय.

तो सॉरी म्हणून परत गेला. मी दोन खुर्च्यांमधला हात वर केला, पाय त्या खुर्चीवर लांब केले आणि मुंबई येईपर्यंत झोपले.